घेतलेला पंप पुन्हा पुन्हा का दिसतो?

समजा, जालना-भोकरदन रस्त्यावरच्या केदारखेड्यातल्या एका शेतकऱ्याला बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घ्यायचा आहे. सोयाबीनवर अळी दिसू लागली आहे आणि जुन्या पंपाने ऐन वेळी दगा दिला आहे. रात्री तो मोबाइलवर दोन-चार पंपांच्या किमती बघतो, सकाळी भोकरदनला जातो, कृषी सेवा केंद्रात रोख पैसे मोजतो आणि पंप घेऊन घरी येतो. विषय संपला. मोबाइलच्या लेखी मात्र तो आता कुठे सुरू झालेला असतो. बाजारभाव उघडला की पंप, हवामान बघितलं की पंप, क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलं तरी पंप. पुढचे काही आठवडे हेच.

गंमत अशी, की त्याच बाजारभावाच्या पानावर वर ठिबक सिंचनाचीही एक पट्टी आहे. ती रोज तिथेच असते आणि हा रोज ते पान उघडतो. त्याला विचारा, वर कशाची जाहिरात होती? सांगता येणार नाही. एक जाहिरात पिच्छा सोडत नाही आणि दुसरी असून नसल्यासारखी. दोन्ही जाहिरातदारांचे पैसे मात्र रोज जात असतात.

वेबसाइटवर पहिल्यांदा येणाऱ्यापेक्षा पुन्हा पुन्हा येणाऱ्याला जाहिरात दाखवणं अवघड का, हे या दोन जाहिरातींवरून नीट समजतं.

पान उघडताना होणारा लिलाव

बाजारभावाचं पान उघडलं की भावाचा तक्ता त्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून येतो. जाहिरातीची चौकट मात्र रिकामीच येते. मग तुमच्या ब्राउझरकडून एका तिसऱ्याच कंपनीला निरोप जातो: शेतीविषयक पान उघडलं आहे, मोबाइल अँड्रॉइडचा आहे, ठिकाण साधारण मराठवाड्यातलं आहे आणि या ब्राउझरचा ओळख क्रमांक अमुक आहे. हा निरोप बऱ्याच जाहिरातदारांच्या संगणकांपुढे ठेवला जातो. ते बोली लावतात. ज्याची बोली चढी, त्याची जाहिरात चौकटीत बसते. हे सगळं सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात उरकतं.

लिलावातल्या बहुतेकांना हा शेतकरी अनोळखी असतो, त्यामुळे ते हात राखून बोली लावतात. पंप विकणाऱ्या कंपनीला मात्र माहीत असतं की या क्रमांकाच्या ब्राउझरवर काल रात्री पंपाची किंमत बघितली गेली. तिच्या दृष्टीने हे तयार गिऱ्हाईक. ती इतरांच्या कितीतरी पट बोली लावते आणि जिंकते. दुसरं पान उघडलं की नवा लिलाव होतो आणि पुन्हा तीच जिंकते. या पद्धतीला रीटार्गेटिंग म्हणतात. एकेक लिलाव सुटा घेतला तर कंपनीचा हिशेब बरोबरच असतो. चाळीस लिलाव एकाच माणसाच्या वाट्याला आले की त्याचा छळ होतो.

पंप घेतला हे कंपनीला कळत का नाही? ऑनलाइन खरेदी केली असती तर कळलं असतं. पैसे भरल्यावर 'धन्यवाद' म्हणणारं जे पान येतं, तिथूनच 'याला आता यादीतून काढा' असा निरोप पाठवण्याची सोय असते. भोकरदनच्या काउंटरवर कार्बन ठेवून फाडलेल्या पावतीतून असा निरोप कुठेच जात नाही. माझ्या मते आपल्याकडच्या पिच्छा पुरवणाऱ्या जाहिरातींचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. ही यंत्रणा बघणं आणि विकत घेणं एकाच ठिकाणी होतं असं गृहीत धरून उभारली गेली. आपल्याकडे किमती मोबाइलवर बघायच्या आणि वस्तू ओळखीच्या दुकानातून घ्यायची, उधारीची सोय असेल तर नक्कीच तिथूनच.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो फारसा कुणी करत नाही: यादीत नाव किती दिवस ठेवायचं, ते मालाप्रमाणे ठरवायचं. गूगलच्या जाहिरात यंत्रणेत ही मुदत जास्तीत जास्त ५४० दिवसांपर्यंत नेता येते. सोयाबीनवरची अळी ५४० दिवस थांबत नाही. फवारणी पंप बघणारा आठवड्याभरात पंप घेतो किंवा शेजाऱ्याचा मागून आणतो. ट्रॅक्टर बघणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो सहा महिने विचार करतो, बँकेत खेटे घालतो. पंपाला सात दिवस आणि ट्रॅक्टरला सहा महिने, एवढा फरक केला तरी निम्मा वैताग कमी होईल.

ओळख कुठे लिहिलेली असते

हा ओळख क्रमांक येतो कुठून? ग्रामीण रुग्णालयातला केस पेपर आठवा. डॉक्टर रोज शेकडो रुग्ण बघतात. मागच्या वेळी तुम्हाला काय झालं होतं, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून खिडकीवर तुम्हाला क्रमांक घातलेला कागद देतात आणि पुढच्या वेळी तो सोबत आणायला सांगतात. आठवण कागदावर असते आणि कागद तुमच्या खिशात. वेबसाइटचा सर्व्हरही असाच विसराळू असतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या प्रोग्रॅमरने त्याला असा कागद मिळवून दिला. त्याचं नाव कुकी. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवते आणि पुढच्या वेळी ब्राउझर तो आपणहून दाखवतो.

वेबसाइटने आपल्या वाचकाला ओळखण्यात वावगं काही नाही. खरी भानगड पुढे आहे. समजा, एकाच पॅथॉलॉजी लॅबची खिडकी दहा रुग्णालयांत आहे आणि प्रत्येक ठिकाणी ती तुमच्या कागदावर आपला एकच शिक्का मारते. मग तुम्ही कुठल्या दवाखान्यात कशासाठी गेलात, याची नोंद कुठल्याही डॉक्टरपेक्षा त्या लॅबकडेच जास्त असेल. जाहिरात कंपन्यांच्या 'थर्ड पार्टी' कुकी या अशाच. पंपाच्या दुकानाचं पान, बाजारभावाचं पान आणि क्रिकेटचं पान एकमेकांना ओळखत नाहीत. तिन्हींवर खिडकी असलेली जाहिरात कंपनी तुम्हाला ओळखते.

ॲपलच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून ही सोय पूर्ण बंद केली. फायरफॉक्सने तर २०१९ मध्येच त्यातल्या पाळत ठेवणाऱ्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली होती. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधूनही त्या दोन वर्षांत काढू असं जाहीर केलं, मग तारखा पुढे ढकलल्या आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि क्रोम, म्हणून आपल्यापुरती ती लॅबची खिडकी अजून उघडी आहे.

तरी हा कागद भरवशाचा नाही. ब्राउझरची सफाई केली की गेला. फोन बदलला की नवा. फेसबुकच्या आतून दुवा उघडला तर तिथला ब्राउझर वेगळा, म्हणजे आणखी एक कागद. पाच वर्षांचा वाचक अशा वेळी 'नवा पाहुणा' म्हणून मोजला जातो आणि त्याला किती वेळा काय दाखवलं, ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

उलटा प्रकार आपल्याकडे जास्त. एकच फोन घरातले चार जण वापरतात. वडील भाव बघतात, मुलगी पोलिस भरतीची तारीख शोधते, धाकटा गेम खेळतो, आणि यंत्रणेला वाटतं की हा एकच माणूस आहे आणि त्याच्या आवडीनिवडी भारीच विचित्र आहेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर नजर ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण या क्षणी फोन वडिलांच्या हातात आहे की धाकट्याच्या, हे कुकीला कसं कळणार?

नजरेची ठरलेली वाट

आता त्या न दिसणाऱ्या ठिबकच्या पट्टीकडे येऊ. तिला कुकीचा काही त्रास नाही. तिची अडचण डोळ्यांपाशी आहे.

बाजारभावाचं पान पहिल्यांदा उघडणारा माणूस सगळं पान चाचपतो. वर नाव, खाली पट्टी, मग बातम्या, मग एक मोठी चौकोनी जाहिरात आणि तिच्याखाली तक्ता: बाजार समिती, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. चौथ्या-पाचव्या खेपेला त्याला हे पाठ झालेलं असतं. पान उघडताच अंगठा एका झटक्यात दोन पडदे खाली जातो आणि जालन्याच्या ओळीवर थांबतो. पट्टी या वाटेवर येतच नाही. आली तरी तिचा रंग, आकार आणि जागा मेंदूने 'कामाचं नाही' या खात्यात टाकलेली असते.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातले बेनवे आणि लेन यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिलं. वेबपानावर एक ठरावीक माहिती शोधायला त्यांनी लोकांना सांगितलं. ती माहिती पानावरच्या सगळ्यात मोठ्या, ठळक पट्टीतूनच मिळणार होती, आणि बऱ्याच जणांना तीच पट्टी दिसली नाही. या प्रकाराला त्यांनी 'बॅनर ब्लाइंडनेस' म्हटलं. एखादी गोष्ट जितकी जाहिरातीसारखी दिसते, तितकी ती नजरेतून निसटते.

सुरुवातीला असं नव्हतं. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या वेबसाइटवर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली. वेबवरच्या पहिल्या बॅनर जाहिरातींत ती मोजली जाते. ती बघणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. आज साध्या बॅनरला शंभरात एक क्लिकही मिळणं मुश्कील.

आणि मिळालेल्या क्लिकमध्येही खोट असते. मोबाइलवर तक्ता आधी उमटतो, जाहिरात मागाहून येते आणि तक्त्याला खाली ढकलते. अंगठा 'जालना' वर टेकणार तेवढ्यात तिथे ठिबकची जाहिरात सरकून येते. बोट पडतं, जाहिरातदाराचं पान उघडतं, शेतकरी शिवी हासडून परत फिरतो. हिशेबात मात्र एक क्लिक जमा. अशा क्लिकवर खूश होणाऱ्या वेबसाइटने स्वतःचा रोजचा वाचक दुखावलेला असतो. पान बांधताना जाहिरातीची जागा आधीच मोकळी सोडली तर ही सरकासरक होत नाही. काम अर्ध्या तासाचं आहे.

नजर जात नाही म्हटल्यावर अनेकांना सुचणारा इलाज म्हणजे आरडाओरडा: पडदाभर उघडणारी जाहिरात, आपोआप वाजणारा व्हिडिओ, न सापडणारी फुली. त्याचा कंटाळा इतका आला की फेब्रुवारी २०१८ पासून क्रोमने अशा त्रासदायक जाहिराती वारंवार दाखवणाऱ्या वेबसाइटवरच्या सगळ्याच जाहिराती अडवायला सुरुवात केली.

किती वेळा दाखवली म्हणजे पुरे?

वारंवार दाखवणं वाईटच, असंही नाही. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी प्रयोगांतून दाखवलं की एखादी अनोळखी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडली तरी ती आवडू लागते. त्यानंतर १९७० मध्ये डॅनियल बर्लाइन यांनी दुसरी बाजू मांडली: ओळख होईपर्यंत आवड वाढते, पुढे कंटाळा तिला मागे टाकतो. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये लिहिलं की तीनदा बघणं पुरेसं असावं: पहिल्यांदा 'हे काय आहे', दुसऱ्यांदा 'याचा मला काय उपयोग', तिसऱ्यांदा आठवण. जाहिरातवाल्यांनी त्यातला तीनचा आकडा उचलला आणि मंत्रासारखा जपला. क्रुगमन मनातल्या तीन पायऱ्यांबद्दल बोलत होते. चौकट तीनदा उमटली म्हणजे माणसाने ती तीनदा बघितली, असं कुठे आहे?

आकडा तीन असो वा सहा, मर्यादा घालणं गरजेचं आहे. एका माणसाला एका दिवसात किंवा आठवड्यात एक जाहिरात किती वेळा दाखवायची, याच्या मर्यादेला फ्रीक्वेन्सी कॅप म्हणतात. ती का हवी, ते सरासरी आकड्यांवरून कळत नाही. खालचा हिशेब बघा.

---

चौकट: सरासरी कशी फसवते

एका कल्पित स्थानिक बातम्यांच्या पोर्टलवर महिन्यात एक जाहिरात १,००,००० वेळा दिसली आणि ती २०,००० जणांनी पाहिली. सरासरी निघते माणशी ५. ऐकायला छान.

आता फोड करू. १५,००० जण एकदाच आले, म्हणजे १५,००० वेळा. उरलेले ५,००० रोजचे वाचक, त्यांना ती माणशी १७ वेळा दिसली: ८५,००० वेळा. जाहिरातदाराचे शंभरातले ८५ रुपये अशा लोकांवर गेले ज्यांनी ती कधीच बघून सोडून दिली होती.

माणशी ४ ची मर्यादा घातली तर लागतात १५,००० + २०,००० = ३५,००० वेळा. तेवढेच लोक, तीच ओळख. उरलेल्या ६५,००० जागा दुसऱ्या जाहिरातींना मोकळ्या.

---

मर्यादेतही एक गोम आहे. प्रत्येक कंपनी स्वतःपुरती मर्यादा पाळते. पंप बनवणारी कंपनी दिवसाला तीन, तोच पंप विकणारी ऑनलाइन बाजारपेठ तीन, दुसरं दुकान तीन. तिघेही नियमात, आणि शेतकऱ्याला दिवसात नऊ पंप.

अमूलची मुलगी आणि लोकलचा प्रवासी

पुन्हा पुन्हा येणाऱ्याला काय दाखवायचं, हे कोडं वेबच्याही आधी मुंबईत सोडवलं गेलं होतं. लोकलने रोज ये-जा करणारा माणूस तेच होर्डिंग वर्षभर बघतो. दुसऱ्या आठवड्यातच ते त्याच्यासाठी भिंत होतं. १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या एजन्सीने अमूल लोण्याची जाहिरात हाती घेतली. यूस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी काढली आणि तिच्या तोंडी ताज्या घडामोडींवरची कोटी देण्याची रीत पडली. मुलगी तीच, ठिपके तेच, लोणी तेच. विषय मात्र क्रिकेटचा, निवडणुकीचा, नव्या सिनेमाचा. लोक आपणहून मान वळवून बघायचे, या वेळी काय लिहिलंय?

यात दोन कामं वेगळी केली आहेत. ओळख टिकवायला मुलगी कायम ठेवली आणि नजर खेचायला मजकूर बदलता ठेवला. वेबवर नेमकं याच्या उलट होतं. कंपनी एकच चित्र तीन महिने चालवते, मग कंटाळून सगळंच बदलते, अगदी रंग आणि चिन्हासकट, आणि झालेली ओळखही घालवून बसते.

केदारखेड्याच्या वाचकासाठी मजकूर बदलायला निवडणूक किंवा सिनेमाचीही गरज नाही. मृगाच्या आधी बियाणं, जुलैत तणनाशक, ऑगस्टमध्ये फवारणी, दसऱ्याच्या सुमारास मळणी यंत्र, मग हरभरा, उन्हाळ्यात पाइपलाइन आणि मोसंबीच्या बागेला पाणी. माणूस तोच, वेबसाइट तीच, गरज दर महिन्याला वेगळी. तो कोण आहे हे न विचारता तो काय वाचतोय आणि कुठला महिना चालू आहे, एवढ्यावर जाहिरात ठरवता येते. या जुन्या पद्धतीला संदर्भानुसार जाहिरात म्हणतात. कुकी राहोत की जावोत, तिला काही फरक पडत नाही. बियाण्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या जालना जिल्ह्यात हे पंचांग जाहिरातदारांना नव्याने शिकवायची गरज नसावी.

आणि मर्यादा संपल्यावर लावायला दुसरी जाहिरातच नसेल तर? लहान पोर्टलकडे मुळात तीनच जाहिरातदार असतात. मला विचाराल तर त्या चौकटीत अधूनमधून कामाची गोष्ट टाकावी: वीज कधी जाणार, पीकविम्याची शेवटची तारीख, राजूरच्या गणपतीला अंगारकीला वाहतूक कुठून वळवली आहे. त्या जागेवर कधीतरी उपयोगाचं मिळतं हे नजरेला कळलं की ती पुन्हा तिकडे वळते. मात्र जाहिरात असेल तेव्हा 'जाहिरात' हा शब्द स्पष्ट हवा. माहितीचा मुखवटा चढवून जाहिरात दिली तर वाचक दोन्हींवरचा विश्वास काढून घेतो.

बंद करून बघणं

उरतो शेवटचा आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न. नेहमीच्या माणसाने जाहिरात बघितली आणि माल घेतला, तर तो जाहिरातीमुळे घेतला की असाही घेणारच होता? ईबे या कंपनीत ब्लेक, नोस्को आणि ताडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी सर्च इंजिनवरच्या जाहिराती काही भागांत चक्क बंद करून बघितल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. वारंवार खरेदी करणारे जाहिरातीवाचूनही येतच राहिले. जाहिरातीचा बराचसा खर्च मात्र याच लोकांवर होत होता.

असा प्रयोग तालुक्याच्या पातळीवरही जमेल. त्यासाठी कुणाचा माग काढावा लागत नाही. समजा, पोर्टलवर भोकरदन आणि जाफराबादच्या बातम्यांची पानं वेगळी आहेत. वाचक आपला तालुका स्वतःच निवडतो. पंपाची जाहिरात पंधरा दिवस फक्त भोकरदनच्या पानावर लावायची, जाफराबादच्या पानावर अजिबात नाही, आणि दोन्हीकडच्या विक्रेत्यांकडून किती पंप गेले ते पावती पुस्तकावरून मोजून घ्यायचं. पुढचे पंधरा दिवस अदलाबदल करायची. ती चुकवली तर भोकरदनला पाऊस बरा झाला, अळी वाढली आणि म्हणून खपलेले पंपसुद्धा जाहिरातीच्या खात्यावर जमा होतील.